मोठ्या दंतोपचाराला होकार देण्यापूर्वी दुसरे मत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाताचा घासून काढलेला भाग, उपटलेली दाढ किंवा इम्प्लांटसाठी, म्हणजे दाताच्या कृत्रिम मुळासाठी, जबड्याच्या हाडात पाडलेले छिद्र पूर्ववत करता येत नाही. म्हणून मोठा, खर्चिक आणि मागे न फिरवता येणारा दंतोपचार सुचवला गेला असेल, तर त्याला होकार देण्यापूर्वी दुसऱ्या दंतवैद्याचे स्वतंत्र मत घेणे ही नेहमीची रीत व्हावी, असे आम्हांला मनापासून वाटते. महाराष्ट्रातील आणि गोव्यातील रुग्ण व त्यांचे नातेवाईक याबाबत जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. प्रत्यक्ष तपासणीला ती पर्याय नाहीत. तपासणीला जाताना काय बरोबर न्यावे आणि काय विचारावे, हे ठरवण्यासाठी ती आहेत.

दुसरे मत घेणे म्हणजे कमी दराचा दवाखाना शोधणे का?

नाही. खर्चाचा कागद हातात घेऊन ‘एवढेच काम तुम्ही किती रुपयांत कराल?’ असे विचारत चार दवाखाने फिरणारा माणूस केवळ दर ताडून पाहतो; मुळात निदान बरोबर आहे का, हा प्रश्न तो कोणालाच विचारत नाही. दुसऱ्या मतात आधी हे तपासायचे असते की आजार खरोखर आहे का आणि तो कुठवर पोहोचला आहे. त्यानंतर सुचवलेला उपचार त्या आजारासाठी आवश्यक आहे का, आणि दाताची कमी काटछाट करणारा दुसरा मार्ग उपलब्ध आहे का, हे पाहायचे. दराचा विचार त्याच्याही नंतर येतो. गरज नसलेले रूट कॅनाल (दाताची नस काढून आतली पोकळी भरणे) निम्म्या दरात करून घेतले, तरी दात पोखरला जातो तो जातोच.

कोणत्या उपचारांपूर्वी दुसरे मत घ्यावे?

एखादी लहान कीड भरणे किंवा दात स्वच्छ करून घेणे यासाठी दोन दवाखाने फिरण्याची गरज नाही. मात्र एकाच भेटीत अनेक दातांचे रूट कॅनाल आणि कॅप सुचवणे, शाबूत दिसणारे दात काढून संपूर्ण जबड्याचे इम्प्लांट बसवणे, हिरड्यांची शस्त्रक्रिया, हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया, जबड्याची शस्त्रक्रिया, तारा लावण्यासाठी मुलाचे चार कायमचे दात काढणे, केवळ सौंदर्यासाठी पुढचे निरोगी दात घासून त्यांवर व्हिनियर (पातळ पापुद्रा) किंवा कॅप बसवणे, अशा प्रसंगी थांबून विचारणे योग्य ठरते. पूर्वी कधी काहीही न दुखलेल्या, नियमित तपासणी करून घेणाऱ्या माणसाला दवाखाना बदलल्याबरोबर आठ-दहा दात खराब असल्याचे सांगितले गेले, तर तेही दुसऱ्या मताचे पुरेसे कारण आहे. नवा दंतवैद्य बरोबर असू शकतो आणि जुन्याच्या नजरेतून काही सुटलेले असू शकते. पण त्याची खातरजमा तिसऱ्या माणसाने तपासूनच होईल.

कोणत्या परिस्थितीत दुसऱ्या मतासाठी थांबू नये?

गालावरची किंवा हनुवटीखालची सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडायला, घोट गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखालच्या व मानेच्या भागात पसरून श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो आणि हे काही तासांत जिवावर बेतू शकते. दात काढल्यानंतर दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्राव आणि जबड्याला झालेली मोठी इजा यांनाही विलंब चालत नाही.

अपघातात कायमचा दात मुळासकट निघून पडला, तर त्याला मुळाच्या बाजूने हात न लावता वरच्या, चावण्याच्या भागाला धरून उचलावे, मळलेला असल्यास क्षणभर पाण्याखाली धरावे आणि शक्य असल्यास जागच्या जागी बसवावे. ते जमले नाही, तर तो दुधात ठेवून अर्ध्या ते एका तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

असह्य ठणका असेल तेव्हा मधला मार्ग निघतो. दात उघडून आतला दाब कमी करणे, पू काढून टाकणे किंवा तात्पुरते भरणे एवढा तातडीचा भाग आधी करून घ्यावा आणि कॅप, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात), इम्प्लांट यांचा निर्णय दुखणे शमल्यावर घ्यावा. ‘आज फक्त दुखणे थांबवा, पुढचे मी विचार करून सांगतो’ असे म्हणण्यात अनुचित काही नाही. तातडी नसलेल्या बहुतेक दंतोपचारांत आठवडा-दोन आठवड्यांनी फारसे बिघडत नाही. आपल्या बाबतीत तसे आहे ना, हे मात्र पहिल्याच दंतवैद्याला स्पष्टपणे विचारून घ्यावे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना याचा राग येणार नाही का?

हा संकोच आपल्याकडे खोलवर आहे. विशेषतः लहान गावांत आणि जुन्या वस्त्यांत डॉक्टर हे घरातल्या माणसासारखे असतात, त्यांनी आजीची कवळीही केलेली असते आणि नातवाची कीडही भरलेली असते. त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, या भीतीने माणसे गप्प बसतात. परंतु आपले काम चोख करणाऱ्या दंतवैद्याला दुसऱ्याने तपासण्याची धास्ती नसते, आणि अवघड प्रकरणात तो स्वतःच रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवतो. ‘खर्च मोठा आहे आणि उपचार कायमचा आहे, म्हणून घरच्यांच्या समाधानासाठी एकदा आणखी कोणाला दाखवून घेतो, त्यासाठी एक्स-रे आणि टिपण द्याल का?’ असे नम्रपणे आणि सरळ सांगावे. यावर कोणी चिडले किंवा एक्स-रे द्यायला नकार दिला, तर उपचार सुरू होण्याआधीच ते कळले, हे रुग्णाच्या हिताचेच झाले.

दुसरे मत घेण्याचा आणि माहिती मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे का?

आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नमूद केलेला आहे. माहितीपूर्ण संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा २००८ चा निकाल महत्त्वाचा आहे. ते प्रकरण दातांचे नव्हते. केवळ दुर्बिणीने तपासणी करण्याची संमती दिलेल्या महिलेचे गर्भाशय भूल दिलेल्या अवस्थेत काढण्यात आले होते. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी संमती, असे न्यायालयाने त्यात म्हटले. एका उपचाराची संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. जीव वाचवण्यासाठी तत्काळ करावी लागणारी कृती एवढाच त्याला अपवाद. हे तत्त्व दाताच्या खुर्चीवरही तितकेच लागू पडते. कीड भरण्यासाठी गेलेल्या माणसाच्या दाताचे रूट कॅनाल सुरू करण्यापूर्वी त्याला विचारलेच पाहिजे.

बरोबर काय न्यावे?

काढलेले सर्व एक्स-रे, निदानाचे आणि उपचाराचे लेखी टिपण, दातनिहाय खर्चाचा कागद, जुने एक्स-रे असल्यास तेही, आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी. बहुतेक ठिकाणी आता एक्स-रे संगणकावर असतो. त्याची मूळ प्रत ईमेलवर मागावी, कारण मोबाइलने पडद्याचा काढलेला फोटो निदानाला पुरत नाही. जबड्याचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय एक्स-रे स्कॅन झाला असेल, तर छापील पान आणि अहवाल यांवर समाधान न मानता संपूर्ण स्कॅनची फाइल पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर घ्यावी, म्हणजे दुसऱ्या दंतवैद्याला प्रत्येक छेद स्वतः पाहता येतो.

खर्चाच्या कागदावर ‘संपूर्ण तोंडाचे काम’ असे मोघम लिहिलेले असेल, तर कोणत्या दातावर काय आणि का करायचे, हे लिहून मागावे. एवढे लिहून घेतानाच काही वेळा उपचारांची यादी लहान होते.

पुन्हा एक्स-रे काढावे लागतील का? त्यातील किरणांचा धोका किती?

स्पष्ट आणि अलीकडचा एक्स-रे जवळ असेल, तर बहुधा नाही. एक-दोन दातांच्या लहान एक्स-रेतील किरणांची मात्रा फार कमी, म्हणजे निसर्गातून एखाद्या दिवसात आपोआप मिळते त्याच्या आसपास असते आणि संपूर्ण जबडा एकदम दाखवणाऱ्या ओपीजी या एक्स-रेची काही दिवसांइतकी. सीबीसीटीची मात्रा यंत्रानुसार आणि टिपलेल्या भागानुसार बरीच बदलते आणि या दोहोंपेक्षा जास्त असते, म्हणून तो विनाकारण दुसऱ्यांदा काढू नये. एक गोष्ट लक्षात ठेवावी : ओपीजीत सगळे तोंड एका चित्रात दिसते, पण दोन दातांमधली सुरुवातीची कीड त्यात नीट कळत नाही. केवळ ओपीजी पाहून दहा दात किडल्याचे सांगितले असेल, तर त्या-त्या दाताचा लहान एक्स-रे मागणे रास्त आहे.

दुसऱ्या मतासाठी कोणाकडे जावे?

पहिल्या दवाखान्याशी आर्थिक किंवा कौटुंबिक संबंध नसलेल्या दंतवैद्याकडे, आणि शक्यतो त्या विषयातील एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) तज्ज्ञाकडे जावे. रूट कॅनालसाठी एंडोडॉन्टिस्ट, हिरड्यांसाठी पेरिओडॉन्टिस्ट, कॅप, ब्रिज व कवळीसाठी प्रॉस्थोडॉन्टिस्ट, तारांसाठी ऑर्थोडॉन्टिस्ट, अक्कलदाढ व जबड्यासाठी मुखशल्यचिकित्सक आणि लहान मुलांसाठी पीडोडॉन्टिस्ट असतात. इम्प्लांट मात्र यांपैकी अनेक जण बसवतात, त्यामुळे तिथे केवळ पदवी न पाहता अनुभव विचारावा. त्याच साखळीच्या दुसऱ्या शाखेत जाऊन घेतलेले मत स्वतंत्र म्हणता येणार नाही.

दंत महाविद्यालयांची रुग्णालये यासाठी फार उपयोगी आहेत आणि त्यांचा विचार लोक उगाचच शेवटी करतात. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय व मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे प्रत्येक शाखेचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे रांगेत थांबावे लागते आणि सुरुवातीची तपासणी विद्यार्थी करतो, परंतु निर्णयावर अध्यापकांची देखरेख असते आणि एकाच छताखाली दोन-तीन शाखांची मते मिळू शकतात. तपासणाऱ्याला तुमच्या दातावर किती बिल होते, याच्याशी काही कर्तव्य नसते, हा या ठिकाणांचा मोठा गुण आहे.

खासगी दवाखान्यात जाताना ‘मला फक्त मत हवे आहे, तुमच्याकडे उपचार करून घेईनच असे नाही’ हे आधीच सांगावे आणि सल्ल्याचे शुल्क आनंदाने द्यावे. फुकट तपासणीच्या मोहिमेत मिळालेल्या मतावर मोठा निर्णय सोपवू नये.

पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितले, ते दुसऱ्यांना आधीच सांगावे का?

आमच्या मते नाही. एक्स-रे द्यावेत, त्रास काय होतो ते सांगावे, पण उपचारांची यादी आणि विशेषतः रक्कम सुरुवातीला दाखवू नये. दुसऱ्या दंतवैद्याला कोऱ्या मनाने तपासू द्यावे, त्याचे निदान ऐकून घ्यावे आणि मग पहिला कागद पुढे ठेवून फरक का पडला, ते विचारावे. यात लपवाछपवी नाही. पहिले मत आधी ऐकले की त्याला दुजोरा देण्याकडे किंवा ते खोडून काढण्याकडे कोणाचेही मन झुकते, आणि दोन्हींतून रुग्णाचे नुकसानच होते.

दोन डॉक्टरांची मते वेगळी आली, तर एक जण खोटे बोलत आहे असे समजावे का?

तसे समजण्याची घाई करू नये. दंतवैद्यकात प्रामाणिक मतभेदाला पुष्कळ जागा असते. वरच्या कठीण थरापुरती असलेली, खड्डा न पडलेली कीड फ्लोराइड, स्वच्छता आणि गोड खाण्यावरचे नियंत्रण यांनी थांबू शकते. त्यामुळे एक जण ‘सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ म्हणतो आणि दुसरा ‘आताच भरून टाकू’ म्हणतो. तडा गेलेला दात किती वर्षे टिकेल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्याच्या हाती इम्प्लांटचे कौशल्य आहे, त्याला तो मार्ग सोपा वाटतो, आणि ज्याने आयुष्यभर दात वाचवले, तो मोडका दातही वाचवू पाहतो.

अशा वेळी दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : ‘हा उपचार आता केला नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत काय होईल आणि ते तुम्ही कशावरून सांगता?’ जो दंतवैद्य एक्स-रेवरील जागा दाखवतो, मोजमाप सांगतो, स्वतःची शंकाही बोलून दाखवतो, त्याच्या उत्तराला वजन द्यावे. दुसरे मत हे दुसरे आहे म्हणून बरोबर ठरत नाही, आणि कमी उपचार सांगणारा नेहमीच खरा असेही नाही. थांबण्याचा सल्ला चुकल्यामुळे गमावलेले दातही असतात. मते अगदी टोकाची असतील, तर दंत महाविद्यालयातील संबंधित विभागाचे तिसरे मत घ्यावे आणि तिथे थांबावे. मनाजोगते उत्तर मिळेपर्यंत दवाखाने बदलत राहिल्याने मधल्या काळात आजार वाढतो.

दात दुखत नसताना रूट कॅनाल सांगितले आहे. हे शक्य आहे का?

शक्य आहे. दाताची नस निर्जीव झाली की दुखणे थांबते, पण मुळाच्या टोकाशी संसर्ग चालू राहतो आणि एक्स-रेत तिथे काळसर सावली दिसते. म्हणून दुखत नाही एवढ्यावरून निदान चुकीचे ठरत नाही. ते कोणत्या चाचणीवरून केले, हे विचारावे. थंड स्पर्शाची चाचणी, दातावर हलकेच ठोकून पाहणे, विजेच्या सौम्य प्रवाहाची चाचणी आणि त्या दाताचा लहान एक्स-रे यांचा मेळ घालून नसेची अवस्था ठरवली जाते. गार पाण्याने आलेली कळ काही सेकंदांत विरत असेल, तर नस बहुधा वाचण्याजोगी असते. कळ बराच वेळ रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर रूट कॅनालची शक्यता वाढते. कीड खोल असूनही नस जिवंत असेल, तर ती झाकून वाचवण्याचे उपचार आता उपलब्ध आहेत, आणि ते या दातावर करता येतील का, हा प्रश्न दुसऱ्या मतात जरूर विचारावा.

रूट कॅनालनंतर दाढेवर कॅप मात्र बहुतेक वेळा खरोखरच लागते, कारण पोखरलेली दाढ चावताना उभी चिरण्याचा धोका असतो. पुढच्या दाताला ती दर वेळी लागतेच असे नाही.

पायोरियामुळे सगळे दात काढून इम्प्लांट बसवा, असे सांगितले आहे. काय करावे?

हा निर्णय एका भेटीत कधीही घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. हिरडी आणि दात यांमधली फट, जिला पॉकेट म्हणतात, ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी बारीक मोजपट्टीने मोजून तक्त्यात लिहायची असते. १ ते ३ मिलिमीटरपर्यंतचे माप सर्वसाधारण मानले जाते. असा तक्ता केलेलाच नसेल, तर शस्त्रक्रियेची किंवा दात काढण्याची शिफारस कशाच्या आधारावर केली, हे विचारणे भाग आहे. उपचाराचा क्रमही ठरलेला आहे : आधी हिरडीखालपर्यंत खोल स्वच्छता, रुग्णाने घरी नीट ब्रश करणे, तंबाखू, मिश्री आणि धूम्रपान सोडणे, मधुमेह आटोक्यात आणणे, त्यानंतर साधारण दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप, आणि मग जिथे खोल पॉकेट व रक्तस्राव उरला असेल, तिथे शस्त्रक्रियेचा विचार. हलणारे दात या उपचाराने पुष्कळदा स्थिरावतात. केवळ हलतो म्हणून दात काढण्यालायक ठरत नाही.

काही दात खरोखरच वाचवण्यापलीकडे गेलेले असतात आणि ते काढणेच बरे असते, हेही तितकेच खरे. परंतु इम्प्लांटला आजार होत नाही, ही समजूत चुकीची आहे. इम्प्लांटभोवतीचे हाडही संसर्गाने झिजते, आणि ज्यांना आधी पायोरिया झालेला आहे, त्यांच्यात हा धोका अधिक असतो. ज्या कारणाने दात गेले ते कारण तसेच राहिले, तर इम्प्लांटही जाऊ शकतात.

एक दाढ गेली आहे. इम्प्लांट, ब्रिज की काहीच नको?

ब्रिजसाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात, आणि ते निरोगी असतील तर ही मोठी किंमत आहे. इम्प्लांटमध्ये शेजाऱ्यांना हात लावावा लागत नाही, पण शस्त्रक्रिया, पुरेसे हाड आणि काही महिन्यांची वाट पाहणे आवश्यक असते. काढता-घालता येणारा दात सर्वांत कमी काटछाटीचा, पण अनेकांना तो नकोसा होतो. ‘काहीच न करणे’ हाही पर्याय आहे आणि तो कागदावर असायला हवा : अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि उरलेल्या दातांनी चावणे नीट होत असेल, तर ती जागा भरलीच पाहिजे असे नाही. मधली दाढ गेली असेल, तर शेजारचे दात झुकतात आणि समोरचा दात खाली-वर सरकतो, म्हणून तिथे विचार वेगळा होतो.

अक्कलदाढ दुखत नाही, तरी काढायला सांगितली आहे.

वारंवार सूज, कीड, शेजारच्या दाढेला इजा किंवा गाठ असेल, तर ती काढणे योग्य. काहीही आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ भविष्यातील शंकेने काढू नये, अशी ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची २००० सालापासूनची शिफारस आहे. इतरत्र याबाबत वेगळी मतेही आहेत. खालच्या अक्कलदाढेची मुळे ओठाला संवेदना देणाऱ्या नसेजवळ असतील, तर ओठ बधिर राहण्याचा धोका किती, हे मुखशल्यचिकित्सकाला विचारावे.

जुन्या चांदीच्या भरावांत पारा असतो, म्हणून सगळे बदलून घ्या, असे सुचवले आहे.

भराव शाबूत असेल आणि त्याखाली कीड नसेल, तर तो काढू नये, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची २०२० मधील सूचना आहे, कारण काढताना पाऱ्याची वाफ काही काळ वाढते आणि चांगला दातही थोडा घासला जातो. कडा तुटली असेल किंवा कीड शिरली असेल, तर मात्र तो बदलावा.

‘आजच पैसे भरले तर मोठी सवलत, शिवाय बिनव्याजी हप्ते’ असे सांगतात. घ्यावे का?

दाताचा आजार सवलतीच्या मुदतीवर चालत नाही. आज योग्य असलेला उपचार पुढच्या आठवड्यातही योग्यच असतो. हप्त्यांच्या योजनेत बहुधा वित्तसंस्था दवाखान्याला रक्कम आधीच देते आणि रुग्ण त्या संस्थेचा कर्जदार होतो. त्यामुळे उपचार मध्येच थांबला किंवा बिघडला, तरी हप्ते चालूच राहू शकतात. सही करण्यापूर्वी कर्ज कोणाचे, व्याज आणि प्रक्रिया शुल्क किती, आणि उपचार रद्द झाल्यास रक्कम कशी परत मिळेल, हे लेखी घ्यावे. शक्य असेल तिथे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामापुरतेच पैसे द्यावेत.

वडिलांना मधुमेह आहे आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. वेगळे काय पाहावे?

त्यांच्या बाबतीत दंतवैद्याइतकाच नेहमीच्या वैद्यकीय डॉक्टरांचा सल्ला लागतो. दात काढण्यासाठी रक्त पातळ होण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. अनेकदा ती चालू ठेवूनच दात काढता येतो आणि ती थांबवण्याचा धोका अधिक असतो. इम्प्लांटपूर्वी साखरेचे तीन महिन्यांचे प्रमाण सांगणारी एचबीए१सी चाचणी पाहावी. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट वर्गातील गोळ्या वा इंजेक्शने घेतलेल्यांनी ते आवर्जून सांगावे, कारण दात काढल्यावर जबड्याचे हाड न भरून येण्याचा धोका त्यांच्यात असतो. वय झाले म्हणून साधी, नीट बसणारी कवळी हा कमीपणाचा पर्याय समजू नये.

तोंडात चट्टा आहे आणि तुकडा काढून तपासायला सांगितले आहे. आधी दुसरे मत घ्यावे का?

इथे सल्ला उलटा आहे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, विशेषतः गुटखा, सुपारी, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असताना, याची तपासणी लांबवू नये. तुकडा आधी काढून घ्यावा. दुसरे मत अहवाल आल्यानंतर, मोठी शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी घ्यावे. प्रयोगशाळेकडून काचपट्ट्या आणि तुकडा जतन केलेला मेणाचा ठोकळा मागून घेऊन त्यांची परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या कर्करोग केंद्रात फेरतपासणी करून घेता येते.

आम्ही परदेशात राहतो. सुट्टीत पुण्यात येऊन तीन आठवड्यांत इम्प्लांटचे सगळे काम उरकता येईल का?

काही निवडक रुग्णांत तात्पुरते दात लगेच बसवता येतात, पण इम्प्लांट हाडात रुजायला सहसा काही महिने लागतात आणि कायमचा दात त्यानंतर बसवला जातो. म्हणून दोन भेटींची तयारी ठेवावी. निघण्यापूर्वी एक्स-रे आणि स्कॅन पाठवून प्राथमिक मत घेता येते, परंतु दूरवरून पॉकेट मोजता येत नाही आणि दात ठोकून पाहता येत नाही, त्यामुळे ते मत अंतिम मानू नये. परतताना इम्प्लांटच्या कंपनीचे नाव, प्रकार, माप आणि लॉट क्रमांक लेखी घ्यावा. तिकडे काही बिघडले, तर या माहितीवाचून तिथल्या दंतवैद्याला योग्य सुटा भागही मिळत नाही.

उपचार अर्ध्यावर आला असताना शंका आली तर?

तेव्हाही दुसरे मत घेता येते. मात्र उघडलेले रूट कॅनाल किंवा घासलेला, कॅप नसलेला दात तसाच सोडून दवाखाना बदलू नये. आधी तात्पुरते बंद करून घ्यावे, झालेल्या कामाची नोंद घ्यावी आणि मग तपासून घ्यावे.

दंतवैद्याची नोंदणी कुठे तपासायची आणि तक्रार कुठे करायची?

राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही दंतवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र राज्य दंत परिषद पाहते. दंतवैद्यक कायदा, १९४८ ची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला आहे. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार परिषदेकडे करता येते. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले असून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदवावी लागते. दोन दंतवैद्यांची मते जुळली नाहीत, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्यामुळे तक्रारीपूर्वी सर्व एक्स-रे, पावत्या आणि लेखी टिपणे हाताशी असणे गरजेचे आहे.

दुसरे मत पहिल्याशी जुळले, तर पुढे काय?

पहिल्या दंतवैद्याकडे निःसंकोच परत जावे आणि त्यांना हे सांगावेही. त्यानंतर लेखी आराखडा मागावा : कोणत्या दातावर कोणत्या क्रमाने काय होणार, कॅप कोणत्या पदार्थाची, तिचे वॉरंटी कार्ड मिळेल का, प्रत्येक टप्प्याचे शुल्क किती. मोठे काम असेल, तर आधी संसर्ग आणि हिरड्या आवरून मगच कॅप किंवा इम्प्लांटकडे वळावे, आणि पहिला टप्पा संपल्यावर फेरतपासणी करून उरलेल्या यादीतील प्रत्येक गोष्ट अजून लागते का, हे त्यांच्याकडूनच पुन्हा तपासून घ्यावे.